अक्काला घराबाहेर काढायचं आहे

तंजावूर, १२ जानेवारी २०२४

कामाक्षीअक्का,

हे पत्र भामाचं आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणजे पुढेही वाचशील असं धरून चालते. आपल्या अप्पांनी दोघींना हट्टाने देवनागरी शिकवली, ती आज कामाला आली. तुझ्या श्रीकरला तमिळ कळतं, हे वाचता येणार नाही. मला जे विचारायचं आहे ते तुझ्यामाझ्यातच राहिलेलं बरं.

परवा त्याचा फोन आला होता. त्याचा आवाज मी इतक्या वर्षांनी ऐकला, की आधी मणीभावोजीच बोलताहेत असं वाटलं. मग भावोजी आता नाहीत हे आठवलं. "चित्ती," तो आपल्या या मावशीला म्हणाला, "अप्पा गेल्यापासून अम्मा घराबाहेर पडलेली नाही. गुडघे दुखतात म्हणते, पण घरात दिवसभर चालत असते. मी लियाँला राहतो, सारखा पॅरिसला कसा येणार? वृद्धांसाठी एक चांगलं घर बघितलंय. तुम्ही तिला समजावाल का?"

मी समजावते म्हणाले नाही. उलट त्यालाच विचारत बसले. कधीपासून, कसं, नक्की काय होतं. भावोजींच्या अंत्यसंस्कारातून तू मध्येच उठून गेलीस म्हणे. बसमधून आपल्या थांब्याच्या आधीच उतरलीस आणि घामाघूम होऊन घरी आलीस. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाण्याला शिवत नाहीस. नात झाली तरी लियाँला गेली नाहीस. श्रीकरला वाटतं हे सगळं दुःखामुळे आहे.

मला तसं वाटत नाही. अक्का, तुला लघवी धरवत नाही का?

हे असं सरळ लिहायला मलाही सोपं गेलं नाही. पण आडवळणाने लिहिलं तर तू पळवाट शोधशील. आणि हे विचारायचा हक्क दुसऱ्या कुणापेक्षा मला जास्त आहे, ते तू जाणतेस. वेळांकण्णीला जाताना गाडीत काय झालं ते दोघींनाही आठवतं. गर्भाशय काढल्यापासून मला त्रास होता. तिरुवारूरला मी गाडी थांबवायला सांगितली. तू म्हणालीस, "लहान मुलगी आहेस का तू? आवर थोडं." मला आवरलं नाही. त्याबद्दल मी तुला बोल लावला नसता. पण संध्याकाळी जेवताना, सगळ्यांसमोर, "पुढच्या वेळी भामासाठी फ्रान्सहून लंगोट आणते" असं तू म्हणालीस आणि सगळे हसले. माझे दीर हसले, जाऊ हसली. आमचे हेसुद्धा हसले. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलले नाही.

त्यानंतर मी तेच केलं जे तू आता करते आहेस. निवृत्त झाले आणि घरात बसले. कुंभकोणमच्या लग्नाला पाठ दुखते म्हणाले, बारशाला रक्तदाब वाढला म्हणाले. लोकांना खरं वाटत होतं. शेवटी डॉक्टर विशालाक्षींकडे गेले. त्यांनी तपासलं, व्यायाम शिकवले, गोळ्या दिल्या. "हा आजार आहे. म्हातारपण म्हणून सोसायचं कारण नाही," असं त्या म्हणाल्या. मी पूर्ण बरी झालेली नाही. पण बाहेर पडते.

म्हणून विचारते. खरं उत्तर दे.

भामा


तंजावूर, ३ मार्च

अक्का,

तुझं उत्तर मिळालं. मला नाही, आमच्या ह्यांच्या फोनवर आवाजी निरोप, तोही तमिळमध्ये. "भामाला सांगा, माझे गुडघे खरंच दुखतात. आणि तिने मला असलं काही लिहू नये." मी ते पुन्हा लावायला सांगितलं. गुडघ्यांचंच असतं तर तू इतकी चिडली नसतीस. गुडघ्यांबद्दल तर आपल्या घरात माणसं पाहुण्यांनाही सांगतात.

तेव्हा मी पॅरिसला येते आहे.

मे महिन्यात चेन्नईहून एक सहल निघते. पॅरिसला मुक्काम आहे. माझं नाव घातलं आहे. आयफेल टॉवर बघायची माझी फार इच्छा होती असं कुणी विचारलं तर सांग.

आमच्या ह्यांनी विरोध केला. पेपर खाली ठेवून म्हणाले, "तुला त्रिचीपर्यंत जाताना दोनदा उतरावं लागतं. तिथे परक्या देशात कुणाला विचारणार?"

"जो समोर असेल त्याला."

"भाषा?"

"या गोष्टीला भाषा किती लागते?"

"आणि तिने दार उघडलं नाही तर?"

मी भाजी चिरायला घेतली. थोड्या वेळाने ते आत आले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी हसायला नको होतं." इतकी वर्षं ते हे मनात ठेवून होते हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "मग व्हिसाच्या कागदांवर सह्या करा."

पण त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मला सराव करायला हवा होता. म्हणून रोज सकाळी पोटभर पाणी पिऊन मी बाहेर पडायला लागले. आधी पापनाशमला गेले, बसने. उतरल्यावर साड्यांच्या एका दुकानात शिरले आणि गल्ल्यावरच्या बाईला सांगितलं की मला साडी नको, मला आत जायचं आहे. तिने माझ्याकडे बघितलं, पडदा बाजूला केला आणि म्हणाली, "नळ डावीकडे आहे, पाटी." पाटी म्हणून आजीबाई केल्याचा राग आला, पण काम झालं. ओरत्तनाडूच्या वाटेवर तर कालव्याकाठच्या एका घरात गेले. भात वाळत घालणारी बाई होती. तिने परसातलं दाखवलं आणि परत निघताना ताक दिलं. ते मी प्यायले, मग पुढच्या गावात पुन्हा विचारावं लागलं.

विचारलं की बहुतेक माणसं हो म्हणतात, अक्का. मी न विचारता त्यांच्या वतीने इतकी वर्षं नाही म्हणत होते.

खरी परीक्षा व्हिसासाठी चेन्नईला जाताना झाली. विल्लुपुरमच्या अलीकडे मी उठून ड्रायव्हरजवळ गेले. तो म्हणाला, "पुढे हॉटेल आहे, तिथे थांबू." मी म्हणाले, "तिथपर्यंत धरवणार नाही म्हणून तर आत्ता सांगते आहे." मागून कुणीतरी कुरकुरलं. मी वळून त्याच्याकडे बघितलं, पूर्वी वर्गात बघायची तशी. बस पेट्रोलपंपावर थांबली. मी उतरले, आणि माझ्या मागोमाग बसमधल्या आणखी बायका उतरल्या. त्यांतल्या एकीनेही तोवर तोंड उघडलं नव्हतं. माझ्या पाठीमागे रांग लागली.

तू घरात बसून राहा हवं तर. मी येते आहे.

भामा


पॅरिस, १४ मे

अक्का,

मी तुझ्या गावात आहे. हॉटेलच्या खोलीत बसून लिहिते आहे. माझ्याबरोबर खोलीत लक्ष्मीप्रिया म्हणून कुंभकोणमची एक बँकेतली बाई आहे, ती खाली चहा शोधायला गेली आहे.

परवा पोचलो. सहलीच्या बसमध्ये शौचालय होतं, पण ते वापरायचं नाही असं पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. "अगदी अडचण असेल तरच," आमचा सहलप्रमुख राममूर्ती म्हणाला. मी म्हणाले, "माझी अडचण रोजची आहे." राममूर्तीचे कान लाल झाले. पण तेव्हापासून बस कुठेही थांबली की तो आधी उतरतो, शोधून येतो आणि मला हाताने दिशा दाखवतो. चांगला माणूस आहे. त्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं, एवढंच.

तुमच्या इथल्या रस्त्यांवर त्या हिरव्या-राखाडी लोखंडी खोल्या असतात. बटण दाबलं की दार आपोआप सरकतं, पैसे पडत नाहीत. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मनातून घाबरले होते. मी आतून बटण दाबलं, दार लागलं, दिवे लागले आणि एक बाई फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली. मी दचकून "कोण आहे?" म्हणाले. यंत्र होतं.

दुसऱ्यांदा फजिती झाली. लक्ष्मीप्रिया बाहेर आली आणि सौजन्याने माझ्यासाठी दार धरून उभी राहिली. मी पटकन आत शिरले. ती खोली प्रत्येकानंतर स्वतःला धुऊन काढते, आणि त्यासाठी दार आधी बंद होऊ द्यायचं असतं, हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. पाणी सुटलं. खालून, बाजूने, सगळीकडून. मी साडी वर धरून आत उभी, बाहेर लक्ष्मीप्रिया दार बडवते आहे. बाहेर आले तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजले होते. रांगेतल्या एका उंच फ्रेंच म्हातारीने मला बघितलं, आणि ती हसली. मग मीही हसले. अक्का, भिजलेल्या साडीत मी रस्त्यावर उभी राहून हसले, आणि मला काही झालं नाही. पिशवीत कोरडी साडी होती. मी पुन्हा आत गेले, यावेळी दार लागू देऊन, आणि बदलली.

नंतर कळलं की म्युझियममध्ये बरी सोय आहे, मोठ्या दुकानांत वरच्या मजल्यावर असते, आणि कॉफीच्या दुकानात आधी कॉफी मागवावी लागते. ती कॉफी प्यायली की पुन्हा तेच. म्हणून मी मागवते आणि लक्ष्मीप्रिया पिते. पाण्याची सोय कुठेच नाही, नुसता कागद. माझी बाटली मी बरोबर ठेवते.

उद्या बाकीची मंडळी राजवाडा बघायला जाणार आहेत. आपल्या गावात राजवाडा आहेच. मी राममूर्तीला सांगून तुझ्या ला कुर्नवची गाडी पकडणार आहे. श्रीकरने पत्ता दिला आहे. मी उद्या येणार हे त्याला माहीत आहे, दिवस तुला सांगू नको म्हणाले होते.

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या तुझ्या दाराखालून आत सरकवते आणि जिन्यात बसते. तू वाच. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मला घाई नाही. फक्त एक सांगते, जिन्यात मी फार वेळ बसू शकत नाही, कारण तुला माहीत आहे. तेव्हा दार उघडलं नाहीस तर मी शेजाऱ्यांची घंटा वाजवीन आणि त्यांना विचारीन.

भामा


तंजावूर, २० जून

अक्का,

तुझं पत्र आलं. ळ आणि ल यांत तुझा अजून गोंधळ होतो, अप्पा असते तर लाल शाईने गोल केले असते. पण तू लिहिलंस.

तू विचारतेस की त्या दिवशी देवळाला जाताना नक्की काय झालं, कारण तू मान वर केलीच नव्हतीस. आणि संध्याकाळी मी जिन्यात श्रीकरशी काय बोलले. दोन्ही सांगते.

तू दार उघडलंस. आधी तू मला आतलं शौचालय दाखवलंस. बाहेर आले तर तू स्वयंपाकघरात उभी राहून रडत होतीस आणि कॉफी करत होतीस. मी म्हणाले, "कॉफी नंतर. पिळ्ळैयार गणपतीच्या देवळात जायचं आहे, चल." तू म्हणालीस, "गुडघे." मी म्हणाले, "अक्का." मग तू चप्पल घातलीस.

गाडीपर्यंत आपण नीट गेलो. गाडीत तू खिडकीशी बसलीस आणि दांडा घट्ट धरलास. तुझा चेहरा बघून मला कळलं. तो चेहरा मी आतून ओळखते. पुढच्याच स्टेशनावर मी तुला उतरवलं. तिथे काही नव्हतं. बाहेर आलो, कोपऱ्यावर कॉफीचं दुकान होतं. मी आत जाऊन विचारलं, तोवर तू बाहेर भिंतीला टेकून उभी होतीस. दुकानदार म्हणाला, "गिऱ्हाइकांसाठी." मी बोटाने दोन कॉफी दाखवल्या आणि तुला हाक मारली. पण तू जागची हलली नाहीस. उशीर झाला होता.

लोक जात होते. कुणी बघितलं नाही, अक्का. तुला वाटतं सगळ्यांनी बघितलं, पण मी बघत होते, आणि कुणी बघितलं नाही. एक माणूस कुत्र्याला घेऊन गेला, दोन पोरी फोनवर बोलत गेल्या. मी माझी शाल तुझ्या कमरेला बांधली आणि तुला आत नेलं. तू म्हणालीस, "घरी चल." मी म्हणाले, "कोरडी साडी पिशवीत आहे." तू म्हणालीस, "मला घरी जायचं आहे, भामा." आणि मग, दाराच्या आतून, साडी बदलताना तू म्हणालीस, "त्या दिवशी गाडीत, आणि नंतर जेवताना, मी..."

मी तुला पुढे बोलू दिलं नाही. म्हणाले, "पदर नीट घे, देऊळ बंद होईल."

तू लिहितेस की मी ऐकून घ्यायला हवं होतं. कदाचित. पण तू तेव्हा ओल्या कपड्यांचं बोचकं हातात धरून उभी होतीस. अशा वेळी माणसाकडून माफी घेऊ नये असं मला वाटलं.

आणि आपण देवळात गेलो. घरी परत फिरलो नाही. जाताना एकदा आणि येताना एकदा थांबलो, दोन्ही वेळा तूच विचारलंस. दुसऱ्या वेळी तर त्या बेकरीवाल्या बाईशी तू फ्रेंचमध्ये काय बोललीस कोण जाणे, तिने तुझा हात धरून तुला आत नेलं.

आता श्रीकर. तो आला तेव्हा तू आत भात लावत होतीस. जिन्यात त्याने मला विचारलं, "चित्ती, अम्माला नक्की काय झालंय?" मी म्हणाले, "ते ती सांगेल. मी सांगणार नाही."

"काही गंभीर आहे?"

"औषध आहे, डॉक्टर आहेत. गंभीर एवढंच की ती कुणाला सांगत नाही."

"मग त्या घराचं काय करू? त्यांना महिनाअखेर कळवायचं आहे."

मी म्हणाले, "आज ती देवळात जाऊन आली. पायी जिना चढली. जिला चालवत नाही म्हणून तू तिथे ठेवणार होतास, ती ही बाई नव्हे. थांब."

त्याने कठडा धरला. म्हणाला, "मी तिला एकदा विचारलं होतं की कपड्यांना वास कसला येतो. त्यानंतर ती माझ्याजवळ बसलीच नाही." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बस, एवढंच बोलणं झालं.

डॉक्टरकडे कधी जाते आहेस? मला तारीख कळव.

भामा


तंजावूर, ९ ऑगस्ट

अक्का,

कालव्यांना पाणी आलं आहे, गावाबाहेर लावणी चालू झाली. आमचे हे रोज सायकल काढून पाणी बघायला जातात, निवृत्त होऊनही पाटबंधारे खातं त्यांच्या डोक्यातून जात नाही.

काल श्रीकरचा फोन आला. तू त्याला लियाँच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, सुनेसमोर सगळं सांगितलंस म्हणे. तो म्हणाला, तेवढ्यात सून उठली आणि म्हणाली की बाळंतपणापासून तिलाही तोच त्रास आहे, आणि तिनेही त्याला सांगितलं नव्हतं. मग तुम्ही दोघी बोलत बसलात आणि तो भांडी घासायला गेला. वृद्धांच्या घराला त्याने नाही कळवलं आहे.

म्हणजे तू एकटी आगगाडीने लियाँला गेलीस. नात मांडीवर घेतलीस. हे तू मला स्वतः का लिहिलं नाहीस? श्रीकरकडून कळल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. ह्यांनी विचारलं काय झालं. मी म्हणाले, काही नाही, कांदा.

तुझ्या पत्रात शेवटी विचारलं आहेस की मी अजून तुझ्यावर रागावले आहे का. खोटं लिहीत नाही. हो, थोडी आहे. सकाळी उठते तेव्हा नसते, एखाद्या लग्नघरात माणसं मोठ्याने हसायला लागली की येते. जाईल किंवा जाणार नाही. पण हा राग मनात घेऊनच मी विमानात बसले होते, आणि तो कुठेही आडवा आला नाही. तेव्हा त्याच्यासाठी आणखी थांबायचं कारण मला दिसत नाही.

डिसेंबरात मार्गळी लागली की ये. थंडी असते, मोठ्या देवळाच्या आवारात सकाळी दगड गार असतात, आपण फिरू. डॉक्टर विशालाक्षींना तुझे कागद दाखवू. त्रिचीहून घरापर्यंतच्या वाटेवर कुठे कुठे थांबायचं ते मी बघून ठेवलं आहे, तुझं मन घाबरलं तर त्याआधीही थांबू. शेजारच्या वेंकूबाई विचारत होत्या, तुझी अक्का इतक्या वर्षांनी कशी काय येते आहे. मी सांगितलं, घराबाहेर पडायला लागली आहे.

तिकीट काढताना वाटेजवळची जागा माग. शिल्लक नाही म्हणाले तर का हवी आहे ते सांग. हळू नको, मोठ्याने सांग.

भामा